आयर्लंडच्या खेड्यांतील बलवंतांच्या आठवणी

इतिहासाचे पुस्तक उघडले की त्यात राजे भेटतात, सेनापती भेटतात, तह आणि लढाया भेटतात. चिखलात रुतलेली भरली गाडी ज्याने एकट्याने खांदा देऊन बाहेर काढली, किंवा लोहाराची ऐरण ज्याने एका हाताने उचलली, तो शेतमजूर त्यात सापडत नाही. त्याचे नाव कागदावर चढत नाही. ते गावाच्या जिभेवर चढते, आणि तेथे ते कधीकधी शंभर वर्षे टिकते. अशा जिभेवरच्या इतिहासाला किती किंमत द्यावी, हा प्रश्न सर्वत्रच पडतो. आयर्लंडने मात्र त्याचे उत्तर शोधण्याची साधने फार मोठ्या प्रमाणावर जमवून ठेवली आहेत. म्हणून त्या देशाच्या खेड्यांतील बलवंत माणसांच्या आठवणी आम्ही आज विवेचनासाठी घेतल्या आहेत. त्या कशा गोळा झाल्या, त्यांत कोणकोणते पराक्रम येतात आणि त्यांवर कितपत विश्वास ठेवावा, या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

१९२२ साली आयर्लंडचा बराचसा भाग स्वतंत्र झाला. देशाची मूळ आयरिश भाषा तोवर हटत हटत मुख्यतः पश्चिम किनाऱ्याला जाऊन टेकली होती, आणि तिच्यातील कथा ज्यांना येत होत्या ती माणसे म्हातारी झाली होती. ही माणसे गेली की सगळेच जाईल, हे ओळखून १९३५ साली सरकारने लोकविद्येचा एक आयोग नेमला. जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक आणि शॉन ओ सूलावॉन हे दप्तराचे प्रमुख. आयोगाचे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उतरवून घेणारे यंत्र बरोबर घेऊन खेडोपाडी फिरत, रात्र रात्र म्हाताऱ्यांच्या शेगडीपाशी बसत आणि ऐकलेले अक्षरशः उतरवून काढीत.

पण खरा चमत्कार झाला तो १९३७ ते १९३९ या काळात. सरकारने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना हे काम दिले. आठवड्याच्या निबंधाऐवजी मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारावे आणि ते जे सांगतील ते लिहून आणावे, अशी ती योजना होती. विचारायच्या विषयांची एक पुस्तिकाच शिक्षकांना देण्यात आली. तिच्यात ‘गावचे वीर’ हा एक विषय होता. २६ काउंट्यांतील सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० मुले या कामाला लागली, आणि सुमारे ७ लाख ४० हजार पाने गोळा झाली. २०१७ साली युनेस्कोने आयोगाच्या संग्रहाची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. आता शाळांतील ही पाने संगणकावर कोणालाही वाचता येतात.

या पानांचा पल्ला केवढा आहे, याचा साधा हिशेब करून पाहावा. १९३८ साली पंचाहत्तर वर्षांचा असलेला आजोबा १८६३ सालचा. त्याला ज्याने गोष्टी सांगितल्या, तो त्याचा आजा १८४५ सालचा महादुष्काळ भर उमेदीत पाहिलेला. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या वहीत एका उडीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आयर्लंड उतरले आहे.

आता दुसरा प्रश्न. या वह्यांत पराक्रम म्हणून काय सांगितले आहे? मल्लविद्या, तालीम, खुराक यांचा तेथे फारसा उल्लेख येत नाही. बहुतेक पराक्रम रोजच्या कामातून निघालेले आहेत. कोणी पिठाचे पोते पाठीवर घेऊन गिरणीपासून कित्येक मैल न थांबता घरी आला. कोणी उधळलेला घोडा नुसत्या हाताने धरला. कोणी एका दिवसात दोन माणसांचे गवत कापले. वेगवान धावणारे, लांब उडी मारणारे, फावड्याने जमीन उलटणारे, पोहणारे असे सगळेच या वीरांच्या पंगतीत येतात. ज्या समाजात घोडा आणि फावडे यांच्यापलीकडे यंत्र नाही, तेथे अंगातले बळ हीच गरिबाची इस्टेट असते. आणि इस्टेटीची चर्चा गावात होणारच.

या सर्वांत महत्त्वाचा मान दगडाचा. गावाच्या रस्त्यावर, समुद्रकाठी, पुष्कळदा दफनभूमीजवळ एखादा मोठा गुळगुळीत धोंडा पडलेला असे. तो उचलणे ही तरुणाच्या पौरुषाची परीक्षा. तिच्यातही पायऱ्या होत्या. धोंडा जमिनीपासून जरासा सुटला, तर ‘दगडाखालून वारा गेला’ असे म्हणत. तेवढ्यानेही माणूस बलवानांत गणला जाई. गुडघ्यापर्यंत आणला तर त्याहून मोठा मान; छातीपर्यंत नेला तर त्याचे नाव पुढच्या पिढीकडे जाई. अॅरन बेटांपैकी इनिश मोर येथे १८९६ साली जन्मलेले लेखक लिअम ओफ्लाहर्टी यांची ‘दगड’ या नावाची एक कथा आहे. तरुणपणी उचललेल्या धोंड्याकडे परत गेलेला म्हातारा हा तिचा विषय. पुष्कळ दिवस वाचक ती कल्पित कथा म्हणून वाचत होते. या शतकाच्या तिसऱ्या दशकात वॉटरफर्डकडचे डेव्हिड केओहन यांनी अशा कथा आणि शाळकरी मुलांच्या त्या जुन्या वह्या हाती धरून जागोजागचे दगड शोधण्यास सुरुवात केली. वहीत लिहिलेल्या जागी दगड खरोखरच सापडू लागले. इनिश मोरचा दगडही सापडला; त्याचे वजन सुमारे १७० किलो भरले. तो उचलून पाहिल्यावर गोष्टीतील म्हाताऱ्याची बढाई किती खरी असू शकते, हे वजनात कळले.

बळाच्या परीक्षेची दुसरी जागा म्हणजे लोहाराचे दुकान. घोड्याला नाल बसेपर्यंत माणसे तेथे खोळंबत, आणि समोर ऐरण व घण हे दोन आयते निमंत्रणच असे. ऐरण शिंगाला धरून उचलायची, घण दांड्याला धरून भिरकावून द्यायचा. हातोडाफेकीचा खेळ याच घणातून वाढला. तसेच वजनाचे. धान्य आणि लोणी जोखायला ५६ पौंडांचे लोखंडी वजन असे. ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचे ते निम्मे, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलो. त्याला वर कडी असे. कडी दिसली की हात शिवशिवतातच! ते वजन लांब फेकणे आणि उंच फेकणे हे दोन्ही खेळ पुढे आयरिश मैदानांवर नियमाने होऊ लागले.

तिसरी जागा आपल्याला चमत्कारिक वाटेल. मृताच्या घरी रात्रभर जागत बसण्याची तेथे चाल होती, आणि त्या जागरणात बळाचे, चपळाईचे खेळ होत. ओ सूलावॉन यांनी या खेळांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याची आयरिश आवृत्ती १९६१ सालची. पाद्रींनी या चालीवर पुष्कळ टीका केली. पण गावातला एक माणूस कमी झाला त्याच रात्री उरलेल्यांनी आपले बळ एकमेकांना दाखवावे, यात आम्हांला तरी नुसता दंगा दिसत नाही.

उड्यांच्या आठवणी तर नकाशावरच कोरलेल्या आहेत. कॉर्क काउंटीत एका गावाचे नावच ‘लीप’, म्हणजे उडी. पाठलाग करणाऱ्या इंग्रज शिपायांना चुकवण्यासाठी ओडोनोव्हन घराण्याच्या एका सरदाराने तेथील घळ घोड्यावरून ओलांडली, अशी कथा आहे. क्लेअर काउंटीच्या टोकाला ‘लूप हेड’ आहे. त्याचे आयरिश नाव ‘कूखुलिनची उडी’ असे आहे, आणि ‘लूप’ हा शब्दही नॉर्स भाषेतील उडीवाचक शब्दापासून आलेला. मागे लागलेल्या माल नावाच्या चेटकिणीला चुकवण्यासाठी वीर कूखुलिन तेथून समुद्रातल्या खडकावर उडाला आणि परत फिरला. ती मात्र पाण्यात पडली. येथे गावच्या वीराची आठवण पुराणातल्या वीराला जाऊन मिळते. पुराणातल्या फिआना या योद्ध्यांच्या टोळीत शिरण्याच्या अटीही अशाच: कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून ढाल आणि काठी घेऊन नऊ जणांचे भाले चुकवायचे, रानातून पळताना वेणीचा केस विस्कटू द्यायचा नाही, कपाळाइतक्या उंच फांदीवरून उडी मारायची, गुडघ्याइतक्या फांदीखालून वाकून जायचे आणि पळता पळताच पायातला काटा काढायचा. गावातल्या म्हाताऱ्याच्या कानांवर लहानपणी हे सगळे पडलेले असे. शेजारच्या धावपटूची गोष्ट सांगताना त्याच्या हातात आयते माप होते.

आता तिसरा आणि अवघड प्रश्न: यातले खरे किती? सरसकट खरे मानणे हा भाबडेपणा, आणि सरसकट थापा म्हणणे हा आळस. आमच्या मते येथे तीन चाळण्या लावता येतात.

पहिली चाळण: हीच गोष्ट दुसरीकडे सांगतात काय? एक उदाहरण घेऊ. आयर्लंडमध्ये शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर मिळून काम करायची रीत आहे; तिला ‘मेहल’ म्हणतात. आपल्या इर्जिकीचीच ती बहीण. अशा कामात गवत कापणाऱ्यांची चढाओढ लागे. त्या चढाओढीची एक प्रसिद्ध गोष्ट अशी की, प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी गवतात लोखंडी दाते रोवून ठेवले, आणि वीराने विळ्याच्या सपाट्यात गवताबरोबर तेही कापून काढले. ही गोष्ट लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत १०९० या क्रमांकाखाली नोंदलेली आहे. युरोपात इतरत्रही ती सांगतात. म्हणजे माणूस खरा, चढाओढ खरी, पण लोखंड फिरत्या कथेतून येऊन त्याला चिकटलेले. तसेच अजस्र धोंड्यांचे. फिन मॅकूल या राक्षसाने डोंगरावरून धोंडे भिरकावले, त्यांवर त्याच्या बोटांचे ठसे आहेत, असे ठिकठिकाणी सांगतात. अॅरन बेटांच्या चुनखडीवर ग्रॅनाइटचे धोंडे कोठून आले, याला एके काळी हेच उत्तर होते. खरे उत्तर हिमयुगातील बर्फाचे: सरकत्या हिमनद्यांनी ते कॉनमाराहून आणून टाकले. पण गावकऱ्यांचे निरीक्षण चुकलेले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. हा दगड येथला नाही, तो कोणीतरी आणला, इतके त्यांनी बरोबर ओळखले होते. आणणारा तेवढा त्यांना ठाऊक नव्हता.

दुसरी चाळण: आठवणीला एखादी वस्तू किंवा जागा बांधलेली आहे काय? दगडाची गोष्ट आपण पाहिलीच. किल्डेअर काउंटीतील कुरा मैदानावर १३ डिसेंबर १८१५ रोजी डॅन डॉनेली या मुष्टियोद्ध्याने जॉर्ज कूपर या इंग्रजाला हरवले. मैदानातल्या घळीतून वर चढताना उमटलेली म्हणून दाखवतात ती त्याची पावले आजही तेथे आहेत, कारण येणारा प्रत्येक जण त्यांतच पाय टाकून चालतो. डॉनेलीचे हात इतके लांब की न वाकता गुडघ्याजवळची बटणे लावी, असे सांगतात. १८२० साली तो वारल्यावर त्याचे प्रेत पळवण्यात आले. त्याचा उजवा हात पुढे कित्येक वर्षे एका मद्यालयात मांडलेला होता. पावले जपणारे आणि हात मांडणारे, दोघेही आठवणच राखत होते. पण त्या दोन रीतींत माणुसकीचे केवढे अंतर आहे!

तिसरी चाळण: स्वतंत्र पुरावा काय म्हणतो? ‘दुष्काळापूर्वीची माणसे काही औरच होती’ हा त्या वह्यांतला नेहमीचा सूर. तो ऐकून आपण हसू. सगळेच म्हातारे असे म्हणतात. पण जोएल मोकिर आणि कॉर्मक ओ ग्राडा या अर्थशास्त्रज्ञांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील भरतीची दप्तरे तपासली. हिंदुस्थानात पाठवायच्या प्रत्येक गोऱ्या शिपायाची उंची त्यांत नोंदलेली असे. दुष्काळापूर्वीचे आयरिश शिपाई इंग्रज शिपायांपेक्षा सरासरीने किंचित उंच होते, असे त्यांना आढळले. अंगावर धड वस्त्र नसलेला हा गरीब मजूर बटाटे आणि ताक यांवर इंग्रज मजुरापेक्षा बरा पोसला जात होता. मग १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. १८४१ च्या खानेसुमारीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ साली साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले आणि तितकेच किंवा अधिक देशोधडीला लागले. तेव्हा म्हाताऱ्यांच्या त्या वाक्यात बढाईइतकाच शोकही आहे.

याहून आश्चर्याचा पुरावा राक्षसांबद्दलचा. अल्स्टर प्रांतात राक्षसांच्या कथा विपुल. तेथलाच चार्ल्स बर्न हा सुमारे ७ फूट ७ इंच उंचीचा तरुण लंडनला गेला आणि १७८३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी वारला. रस्त्यावरच्या दिव्यावर तो आपली चिलीम पेटवी, अशी आख्यायिका आहे. आपले प्रेत समुद्रात बुडवावे अशी त्याची इच्छा होती. पण जॉन हंटर या शस्त्रवैद्याने ते मिळवले आणि त्याचा सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे संग्रहालयात उभा राहिला. २०११ साली त्याच्या दातांतील जनुकीय द्रव्य तपासले गेले. त्यात सापडलेला दोष उत्तर आयर्लंडमधील काही जिवंत कुटुंबांतही सापडला, आणि त्यांचा समाईक पूर्वज सुमारे १,५०० वर्षांपूर्वीचा असावा असा अंदाज निघाला. म्हणजे त्या मुलखात पिढ्यान् पिढ्या अधूनमधून अतिउंच माणूस जन्मत आला असला पाहिजे. राक्षसांच्या कथांना तेवढे हाडामांसाचे मूळ असणे अशक्य नाही. २०२३ साली संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढला होता. समुद्र मात्र त्याला अजून लाभलेला नाही.

आणि सर्वांत उघड पुरावा ऑलिंपिकचा. इंग्रजांच्या हौशी खेळांच्या नियमांत पुष्कळदा मजूर आणि कारागीर यांना मज्जाव असे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स येथे मायकेल क्यूसॅक, मॉरिस डॅव्हिन प्रभृतींनी गेलिक क्रीडासंस्था स्थापन केली. घण फेकणाऱ्या शेतकऱ्यालाही मैदानाचा अधिकार आहे, हा तिचा एक मुख्य दावा होता. डॅव्हिन स्वतः नामांकित हातोडाफेके होते. त्यानंतर काय झाले पाहा. १९०० ते १९३२ या काळातील आठ ऑलिंपिकांपैकी सातांत हातोडाफेकीचे सुवर्णपदक आयर्लंडच्या खेड्यांत जन्मलेल्या माणसांनी मिळवले. लिमरिकच्या जॉन फ्लॅनगन यांनी तीनदा, टिपेररीच्या मॅट मॅग्रा यांनी १९१२ साली, लिमरिकच्याच पॅट रायन यांनी १९२० साली. हे सारे देश सोडून अमेरिकेत गेलेले आणि तिच्या नावाने खेळलेले. १९२८ आणि १९३२ साली मात्र कॉर्कचे डॉक्टर पॅट ओकॅलहन आयर्लंडच्या नावाने जिंकले. ज्या अॅमस्टरडॅमला १९२८ साली हिंदुस्थानच्या हॉकी संघाने पहिले सुवर्णपदक घेतले, त्याच ऑलिंपिकात स्वतंत्र आयर्लंडचेही ते पहिले सुवर्णपदक होते. लोहाराच्या दुकानासमोरच्या बढाया मोजपट्टीला अशा उतरल्या.

पण कागदाच्या अंगी सगळाच इतिहास मावतो असे नाही. १९३७ साली फर्मॉय येथे ओकॅलहन यांनी हातोडा साडेएकोणसाठ मीटर फेकला. रायन यांचा १९१३ चा ५७.७७ मीटरांचा जागतिक उच्चांक त्यांनी पावणेदोन मीटरांनी मागे टाकला होता. मात्र त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे आंतरराष्ट्रीय संघटनेशी बिनसलेले असल्याने हा उच्चांक कधीच मान्य झाला नाही. मोजलेला, पाहिलेला पराक्रम दप्तरात चढला नाही आणि लोकांच्या आठवणीवरच जगला. त्याच वर्षी शाळांतील मुले गावचे वीर लिहून घेऊ लागली होती, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

या आठवणींची एक उणीवही सांगितली पाहिजे. त्या मुख्यतः पुरुषांच्या आहेत. सोळाव्या शतकातील दर्यावर्दी ग्रेस ओमॅली हिने गलबतावर प्रसूत होऊन दुसऱ्या दिवशी चाच्यांशी झुंज दिली, अशी एखादी कथा येते. पण ती सरदारघराण्यातली. पश्चिम किनाऱ्यावरच्या बायका जळणाची पीट माती आणि समुद्रशेवाळ भरलेल्या टोपल्या पाठीवर वाहत. अॅरनच्या उघड्या खडकावर शेवाळ आणि वाळू पसरून जमीन तयार झाली, ती अशा पाठींवर. तो भार रोजचा होता म्हणून कोणी त्याला पराक्रम म्हटले नाही. आठवण ही विलक्षण गोष्ट धरते आणि नित्याची सोडते. तिच्यावरून इतिहास लिहिणाऱ्याने हे विसरता कामा नये.

मग या कथांचे मोल ते काय? वजनाचे आकडे तपासून घ्यावेत, फिरत्या कथांचे तुकडे बाजूला काढावेत. त्यानंतर जे उरते ते असे की, ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, सत्ता नव्हती, आणि अर्धे गाव जहाजावर चढून परदेशी चालले होते, त्या लोकांनी आपल्यातला एक माणूस निवडला आणि त्याच्या बळात साऱ्या गावाची अब्रू ठेवली. चार्ल्स किकम यांच्या १८७३ च्या ‘नॉकनागाव’ कादंबरीतील मळणीवाला मॅट जमीनदाराच्या मुलाविरुद्ध घण फेकतो, तो आपल्या लहानशा गावासाठी. म्हणूनच ते पुस्तक आयरिश घरांत पिढ्यान् पिढ्या वाचले गेले.

आपल्याकडेही कित्येक गावांत मारुतीच्या देवळापुढे उचलायच्या दगडी गोट्या पडून आहेत. त्या कोणी उचलल्या, कोठवर उचलल्या, हे सांगणारी माणसे अजून आहेत. आयर्लंडला हे काम साधले ते शाळेची वही आणि घरातला म्हातारा यांच्या बळावर. ही दोन्ही साधने आपल्याजवळ आहेत. पैकी दुसरे फार दिवस थांबणारे नाही.